आंब्यावरचं बांडगूळ, पक्ष्याचं पोट आणि सलीम अली

भंडारा जिल्ह्यात तलावाच्या पाळीवर किंवा धानाच्या बांध्यांच्या कडेला आंब्याची जुनी झाडं असतात. त्यातल्या एखाद्या झाडाकडे जरा निरखून पाहिलं की एक फांदी वेगळीच वाटते. झाड आंब्याचं, पण त्या फांदीवरची पानं आंब्याची नसतात. फुलंही वेगळी, लांबट नळीसारखी. हे बांडगूळ. मराठीत हा शब्द माणसाला लावला तर ती जवळजवळ शिवीच ठरते, कारण दुसऱ्याच्या जिवावर जगणं हाच या वनस्पतीचा धंदा. आंब्याच्या फांदीत ती आपली मुळं घुसवते आणि पाणी, क्षार तिथूनच ओढते. पानं हिरवी असल्याने उरलेलं अन्न मात्र स्वतः तयार करते.

पण हे बांडगूळ जमिनीपासून वीस-पंचवीस फुटांवर पोहोचतं कसं? त्याचं बी वाऱ्याने उडणारं नाही. जमिनीवर पडलं तर ते वायाच जातं. कोणीतरी ते उचलून, बरोबर फांदीवर, तेही चिकटवून ठेवावं लागतं.

हे काम एक पक्षी करतो, आणि ते तो चोचीने कमी व पोटाने जास्त करतो. आपल्याकडे या गोष्टीचा नीट अभ्यास करून १९३१ मध्ये ती शास्त्रीय नियतकालिकात मांडली सलीम अली यांनी. पक्षीतज्ज्ञ म्हणून त्यांचं नाव शाळेच्या पुस्तकांपासून स्पर्धा परीक्षांपर्यंत सगळीकडे येतं. पूर्वीच्या भंडारा आणि आताच्या गोंदिया जिल्ह्यातल्या नवेगाव बांधच्या पक्षी अभयारण्यालाही त्यांचंच नाव आहे. पण पक्षी काय खातो आणि खाल्लेल्याचं पुढे काय होतं, हा प्रश्न त्यांच्या आयुष्यात पुन्हा पुन्हा कसा येत राहिला, हे फारसं सांगितलं जात नाही. त्यांची पक्ष्यांशी पहिली खरी ओळखही खाण्यावरूनच झाली होती.

खायची की नाही, या प्रश्नातून सुरुवात

सलीम अलींचा जन्म १२ नोव्हेंबर १८९६ चा, मुंबईतल्या सुलेमानी बोहरा कुटुंबातला. भावंडांमधलं हे शेंडेफळ. वर्षाचे असताना वडील गेले, तीन वर्षांचे असताना आई. मामा अमिरुद्दीन तय्यबजी आणि मामी हमीदा बेगम यांना मूल नव्हतं. त्यांनी खेतवाडीतल्या आपल्या घरी या भावंडांना वाढवलं. मामांना शिकारीचा शौक होता, त्यामुळे भाच्याच्या हातात छर्ऱ्याची बंदूक आली. चिमण्या मारायच्या आणि त्या घरात शिजायच्या, यात तेव्हा कुणाला वावगं वाटत नव्हतं.

साधारण दहा-बारा वर्षांच्या सलीमने एक दिवस पाडलेली चिमणी नेहमीसारखी नव्हती. तिच्या गळ्यावर पिवळा ठिपका होता. मुलाला पडलेला प्रश्न शास्त्राचा नव्हता, ताटातला होता. ही चिमणी खाणं आपल्या धर्मात चालेल का? मामांनाही पक्षी ओळखता आला नाही. ते बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे, म्हणजे बीएनएचएसचे, सदस्य होते. त्यांनी भाच्याला संस्थेचे मानद सचिव डब्ल्यू. एस. मिलार्ड यांच्याकडे चिठ्ठी देऊन पाठवलं. मिलार्ड यांनी ती पीतकंठी चिमणी, म्हणजे रानचिमणी, असल्याचं सांगितलं आणि कपाटांचे खण उघडून भुसा भरलेले पक्षी मुलासमोर मांडले. एका गोऱ्या साहेबाने शाळकरी पोराला इतका वेळ द्यावा, ही १९०८ च्या मुंबईत साधी गोष्ट नव्हती. पुढे सलीम अलींनी आपल्या आत्मचरित्राला नावही या पडलेल्या चिमणीवरूनच दिलं.

यानंतर सगळं सुरळीत झालं असं मात्र नाही. शाळेत त्यांची प्रगती बेताची. सततची डोकेदुखी, मध्येच शिक्षण सुटणं, १९१३ मध्ये कसंबसं मॅट्रिक. कॉलेजात रमले नाहीत म्हणून ब्रह्मदेशात तवॉयला कुटुंबाच्या खाणीच्या आणि लाकडाच्या धंद्यात गेले. तिथल्या जंगलात पक्षी भरपूर पाहिले, धंद्याचं मात्र फारसं भलं झालं नाही. १९१७ मध्ये मुंबईत परतल्यावर व्यापाराचं शिक्षण सुरू केलं. सेंट झेवियर्समधल्या फादर ब्लॅटर यांनी त्यांचा ओढा ओळखून प्राणिशास्त्राकडे वळवलं. १९१८ मध्ये तहमीना बेगम यांच्याशी लग्न झालं. पदवी मात्र हातात आलीच नाही, आणि पदवी नाही म्हणून झूऑलॉजिकल सर्व्हेमधली नोकरीही मिळाली नाही.

१९२६ मध्ये मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममध्ये निसर्गविज्ञानाचा नवा विभाग उघडला. तिथे त्यांना मार्गदर्शक व्याख्याता म्हणून घेतलं गेलं, पगार महिना ३५० रुपये. दोन वर्षांत कंटाळा आला. रजा काढून ते जर्मनीला गेले. बर्लिनच्या प्राणिशास्त्र संग्रहालयात एर्विन स्ट्रेसमान यांच्या हाताखाली शिकायला मिळालं. स्ट्रेसमान म्हणजे त्या काळातले जगातले आघाडीचे पक्षीशास्त्रज्ञ. पक्ष्याला कप्प्यात ठेवून नाव देणं ही फक्त सुरुवात असते, तो जगतो कसा हे पाहायला हवं, ही दृष्टी तिथे पक्की झाली.

१९३० मध्ये परत आले तर म्युझियममधलं पद पैशांअभावी रद्द झालेलं.

किहीमचं घर आणि आंब्याचं झाड

तिशी उलटलेली, पदवी नाही, नोकरी नाही, आणि मुंबईत राहणं महाग. सलीम आणि तहमीना अलिबागजवळच्या किहीमला समुद्राकाठच्या घरात राहायला गेले. बेकारीतली ही महिन्यांची सोबत भारतीय पक्षीशास्त्राच्या कामी आली, एवढं नक्की. घराजवळ सुगरण पक्ष्यांची वसाहत होती. नर खोपे विणतो, मादी अर्धवट खोपा पाहून पसंत करते, मग नर दुसरा खोपा विणायला घेतो, हा सगळा संसार त्यांनी तासन्‌तास बसून टिपला. तो अभ्यास प्रसिद्ध आहे. त्याच सुमारास कोकणातल्या बांडगुळांवरही त्यांनी काम केलं आणि शिंजीर व फुलटोचे हे पक्षी बांडगूळ पसरवण्यात काय भूमिका बजावतात यावर १९३१ मध्ये बीएनएचएसच्या जर्नलमध्ये लेख लिहिला. हा लेख तुलनेने मागे पडला.

खरं तर आंबा पिकवणाऱ्यासाठी सुगरणीच्या खोप्यापेक्षा हाच लेख जास्त कामाचा.

बांडगुळाच्या संसारात दोन कंत्राटदार आहेत. पहिला शिंजीर, म्हणजे सूर्यपक्षी. त्याची चोच लांब आणि बाकदार. बांडगुळाच्या नळीसारख्या फुलातला मध पिताना त्याच्या डोक्याला पराग लागतात आणि पुढच्या फुलापर्यंत पोहोचतात. म्हणजे फळ धरतं ते शिंजिरामुळे. दुसरा टिकेलचा फुलटोच्या. जेमतेम ८ सेंटीमीटरचा, राखाडी-तपकिरी रंगाचा, भारतातल्या सगळ्यात लहान पक्ष्यांपैकी एक. झाडात असला तरी दिसत नाही, टिक-टिक असा आवाज तेवढा ऐकू येतो. बांडगुळाची पिकलेली फळं हे त्याचं आवडतं खाणं. एकामागून एक फळं तो अख्खी गिळतो, पोट गच्च झालं की थोडा वेळ गप्प बसतो, आणि काही मिनिटांतच बिया मागून बाहेर पडायला लागतात.

त्या नुसत्या पडत नाहीत. बीभोवती डिंकासारखा चिकट थर असतो आणि तो पक्ष्याच्या पोटातही पचत नाही. त्यामुळे बी पक्ष्याच्या मागेच चिकटून राहते. ती सोडवण्यासाठी पक्षी बूड फांदीवर घासतो, आणि बी नेमकी फांदीवर चिकटते. बांडगुळाला पेरायचंच असतं तर याहून चांगली पाभर मिळाली नसती.

आता इथे पक्ष्याच्या पोटाचं गणित समजून घ्यायला हवं. कारण बहुतेक पक्ष्यांच्या पोटात गेलेली अशी नाजूक बी जिवंत बाहेर पडायची शक्यता फारच कमी.

कोंबडीचा पोटा काय काम करतो?

पक्ष्याला दात नसतात. दात म्हणजे वजन, दात धरायला जबडा म्हणजे आणखी वजन, आणि तेही शरीराच्या पुढच्या टोकाला. उडणाऱ्याला हे परवडत नाही. म्हणून चावण्याचं काम पक्ष्याने पोटात नेलं आहे.

गावठी कोंबडीला संध्याकाळी कणी टाकली की ती भराभर टिपते. थोड्या वेळाने तिच्या गळ्याखाली हात लावला तर पिशवी फुगलेली लागते. पुस्तकात तिला अन्नपुट म्हणतात. हे गोदाम आहे. शत्रूच्या टप्प्यात उभं राहून शांतपणे जेवणं पक्ष्याला जमत नाही, म्हणून आधी भरून घ्यायचं आणि आडोशाला जाऊन पचवायचं. कबुतरं तर या पिशवीच्या अस्तरातून दह्यासारखा पदार्थ तयार करून पिल्लांना भरवतात.

गोदामातून अन्न उतरतं ते जठराच्या पहिल्या भागात. इथे आम्ल आणि पाचकरस मिसळतात. त्यापुढे येतो जठराचा दुसरा भाग, पेषणी. चिकनच्या दुकानात कलेजीसोबत मिळणारा पोटा तो हाच. तो चावायला चिवट लागतो कारण तो जवळजवळ सगळा स्नायूच आहे. साफ करताना दुकानदार आतली पिवळी जाडसर कातडी ओढून काढतो. ती जात्याच्या पाळीवरच्या टाक्यांसारखी असते, आतला स्नायू घासून झिजू नये म्हणून. आणि मोकळी फिरणारी कोंबडी असेल तर पोट्यात बारीक खडेही सापडतात. ते चुकून गिळलेले नसतात. धान्य भरडायला तिने ते मुद्दाम टिपलेले असतात. बॉयलरच्या कोंबडीला भरडलेलंच खाद्य मिळतं, त्यामुळे तिच्या पोट्यात खडे क्वचित दिसतात.

भरडलेलं अन्न आतड्यात जातं, सत्त्व शोषलं जातं, आणि उरलेलं एकाच वाटेने बाहेर येतं. एकाच म्हणजे खरोखर एकाच. विष्ठा, लघवी आणि अंडं, तिन्हींसाठी पक्ष्याला अवस्कर नावाचं एकच द्वार आहे. लघवीची पिशवी पक्ष्यांत साधारणपणे नसते, कारण पाणी साठवून उडणं म्हणजे पुन्हा वजनच. शरीरातला नको असलेला नायट्रोजन ते यूरिक आम्लाच्या रूपात, पांढऱ्या लगद्यासारखा टाकतात. गाडीच्या काचेवर पडलेल्या घाणीतला पांढरा भाग म्हणजे पक्ष्याची लघवी. हे यूरिक आम्ल लक्षात ठेवा, गिधाडांच्या गोष्टीत ते पुन्हा येणार आहे.

सगळ्यांचं पोट असं नसतं. दाणे खाणाऱ्याची पेषणी दणकट, मांस किंवा मासे खाणाऱ्याची पातळ पिशवीसारखी. घुबड उंदीर अख्खा गिळतं आणि हाडं-केसांची गोळी तोंडावाटे टाकून देतं. हिवाळ्यात विदर्भातल्या तलावांवर येणारे राजहंस गवत खातात. गवतातून फार काही निघत नाही, म्हणून ते भरपूर खातात, भराभर पुढे ढकलतात आणि दर काही मिनिटांनी विष्ठा टाकतात. काही स्थलांतरी पाणपक्षी तर हजारो किलोमीटरच्या उड्डाणाआधी आपली पेषणी आणि आतडी चक्क लहान करतात आणि पोहोचल्यावर पुन्हा वाढवतात.

आता फुलटोच्याकडे परत येऊ. बांडगुळाच्या बीला इतर बियांसारखं टणक कवच नसतं. ती पेषणीत गेली तर तिचं पीठच व्हायचं. पण फुलटोच्यांच्या काही जातींमध्ये पेषणी अन्नाच्या सरळ वाटेवर नसते. ती बाजूला लटकलेल्या छोट्या पिशवीसारखी असते. किडा किंवा कोळी खाल्ला तर तो या पिशवीत वळतो आणि तिथे भरडला जातो. बांडगुळाचं फळ मात्र पिशवीला वळसा घालून थेट आतड्यात उतरतं. एकाच पोटात दोन रस्ते, मालाप्रमाणे वाट. वरचा गर तेवढा पचतो आणि बी जशीच्या तशी, घाईघाईने बाहेर. फुलटोच्यांच्या अन्नमार्गाची ही रचना जर्मनीत १९३१ मध्येच प्रसिद्ध झाली, सलीम अलींचा लेख आला त्याच वर्षी. एकीकडे टेबलावर पक्ष्याचं पोट उघडलं जात होतं आणि दुसरीकडे कोकणात एक बेकार माणूस झाडाखाली बसून त्याच पोटाचा परिणाम पाहत होता.

या अभ्यासाचा व्यवहारात उपयोग काय? बागायतदाराचा पहिला राग पक्ष्यावर निघतो. पण हाच फुलटोच्या किडेही खातो आणि शिंजीर इतर अनेक झाडांची फुलं फळाला आणतो. पक्षी मारून बांडगूळ जात नाही, आणि एवढा छोटा पक्षी शोधून मारणार तरी कोण? इलाज झाडावर आहे. बांडगूळ फळाला येण्याआधी काढायचं, आणि नुसतं पानं ओरबाडून न काढता ते जिथे रुतलं आहे त्याच्या खालून फांदीच छाटायची. कारण आत राहिलेल्या मुळातून ते पुन्हा फुटतं. जंगलात मात्र बांडगूळ अगदीच निरुपयोगी नसतं, पानझडीच्या दिवसांत त्याची फुलं-फळं अनेक जिवांना आधार देतात.

बंदूक, वही आणि पोटातला माल

नोकरी नव्हती म्हणून सलीम अलींनी एक वेगळीच वाट काढली. संस्थानांना त्यांनी प्रस्ताव दिला की तुमच्या मुलुखातल्या पक्ष्यांची पाहणी मी करतो, मला प्रवासाचा आणि मुक्कामाचा खर्च तेवढा द्या. हैदराबादपासून सुरुवात झाली, मग कोचीन, त्रावणकोर, पुढे ग्वाल्हेर, इंदूर, भोपाळ. तहमीना बहुतेक ठिकाणी सोबत असत. तंबू, बैलगाड्या, जंगलातले डाकबंगले हाच त्यांचा संसार झाला.

या पाहण्यांमध्ये पक्षी मारले जात, हे लपवण्यासारखं काही नाही. सलीम अली हळवे पक्षीप्रेमी नव्हते. नमुना हवा असेल तर गोळी घालणं त्यांना शास्त्राचा भाग वाटत असे. पण मारलेल्या पक्ष्याकडून मिळेल तेवढी माहिती काढून घ्यायची, ही त्या काळच्या चांगल्या संग्राहकांची शिस्त होती, आणि त्यात पोटात काय सापडलं याची नोंदही येते. पक्षी काय खाताना दिसला हे एक, आणि त्याच्या पोटात खरोखर काय निघालं हे दुसरं. दोन्हींत बरेचदा फरक असतो. धानाच्या बांधीत उतरलेला थवा पाहून शेतकऱ्याला वाटतं दाणा गेला. पोट उघडलं तर कधी दाणा निघतो, कधी अळ्या आणि नाकतोडे.

हा विचार त्यांचा एकट्याचा नव्हता. बिहारमधल्या पुसा इथल्या शेती संशोधन संस्थेतल्या मेसन आणि मॅक्सवेल-लेफ्रॉय यांनी शेकडो पक्ष्यांची पोटं तपासून भारतातल्या पक्ष्यांच्या आहारावर १९१२ मध्येच मोठा अहवाल काढला होता. सलीम अलींचा आग्रह असा की हे काम तिथेच थांबता कामा नये. कुठला पक्षी शेतीला किती उपयोगी आणि किती उपद्रवी, हे अंदाजाने ठरवू नये. एकच पक्षी पेरणीच्या वेळी उपद्रवी आणि पिल्लं वाढवताना उपकारी असू शकतो, कारण दाणे खाणारे अनेक पक्षीही पिल्लांना किडेच भरवतात.

१९३९ मध्ये एका छोट्या शस्त्रक्रियेनंतर तहमीना गेल्या. सलीम अली तेव्हा ४२ वर्षांचे होते. त्यांनी पुन्हा लग्न केलं नाही, बहीण आणि मेहुण्याच्या घरी राहिले आणि उरलेलं आयुष्य कामात घातलं. १९४१ मध्ये आलेल्या त्यांच्या भारतीय पक्ष्यांवरच्या पुस्तकाने सामान्य माणसाच्या हातात पहिल्यांदा पक्षी ओळखायचं सोपं साधन दिलं. नंतर अमेरिकेच्या डिलन रिप्ली यांच्यासोबत १९६८ ते १९७४ या काळात दहा खंडांचा ग्रंथ पूर्ण केला. त्यात पक्ष्याच्या नोंदीत रंग, आवाज, घरटं यांच्याबरोबर आहार हा वेगळा रकाना आहे. आजही एखादा पक्षी काय खातो असं विचारलं की अभ्यासक आधी तिथेच पाहतात.

मधल्या काळात स्वातंत्र्यानंतर डबघाईला आलेल्या बीएनएचएससाठी पंडित नेहरूंकडे पाठपुरावा करून मदत मिळवली. १९५० मध्ये स्वीडनच्या परिषदेला गेले तेव्हा आपली सनबीम मोटरसायकल बोटीने युरोपात नेली आणि तिच्यावरूनच हिंडले. वय तेव्हा ५३.

भरतपूरच्या म्हशी

राजस्थानातलं भरतपूरचं केवलादेव घना हे पाणपक्ष्यांचं ठिकाण वाचलं त्यात सलीम अलींचा मोठा वाटा आहे. पण तिथेच त्यांचा एक अंदाज फसला. १९८२ मध्ये राष्ट्रीय उद्यान म्हणून तिथे गुरं चारायला बंदी घातली गेली आणि सलीम अली बंदीच्या बाजूने होते. म्हशी चरतात म्हणजे पक्ष्यांच्या जागेची नासाडी होते, असा तेव्हाचा समज. गावकरी आणि पोलिसांमध्ये संघर्ष झाला, गोळीबारात माणसं मेली.

पुढच्या काही वर्षांत उलटंच दिसलं. म्हशी गेल्या आणि पाण्यातलं गवत बेसुमार माजलं. उघडं पाणी कमी झालं, आणि बदकांसह अनेक पाणपक्ष्यांना चरायला जागा उरली नाही. हे दाखवून देणारा दीर्घ अभ्यास सलीम अलींच्याच संस्थेने, बीएनएचएसने केला. पक्ष्याच्या पोटात काय जातं हे आयुष्यभर पाहिलेल्या माणसाकडून म्हशीच्या पोटात काय जातं याचा हिशेब सुटला, असं म्हणता येईल. हा प्रसंग त्यांच्या चरित्रांमध्ये अनेकदा गाळला जातो, पण तो गाळण्याचं कारण नाही.

भंडारा-गोंदियाच्या लोकांना ही गोष्ट ओळखीची वाटेल. कोहळी समाजाने बांधलेले, नंतर मालगुजारी म्हणून ओळखले गेलेले तलाव इथे शेकड्यांनी आहेत. अनेक तलावांत बेशरमसारख्या बाहेरून आलेल्या वनस्पती माजल्या, आणि त्यांचा ना माशांना उपयोग ना बदकांना. गेल्या काही वर्षांत इथल्या धीवर समाजाच्या लोकांनी काही तलावांतून हे तण उपटून स्थानिक पाणवनस्पती पुन्हा लावल्या. त्यांचा हेतू मासे वाढावेत हा होता. पण त्याच वनस्पतींचे कंद, बिया, कोवळे कोंब आणि त्यांच्यातले गोगलगायीसारखे जीव हेच पाणपक्ष्यांचं ताट. सारसासारखा मोठा पक्षी कंद उकरतो, धानाच्या बांधीत दाणे टिपतो, बेडूक-किडेही खातो. त्याच्या ताटाला तलाव आणि शेत दोन्ही लागतात.

गिधाडाचं पोट हरलं तेव्हा

१९५८ मध्ये पद्मभूषण, १९७६ मध्ये पद्मविभूषण, १९८५ मध्ये राज्यसभेवर नियुक्ती. जे. पॉल गेटी पुरस्काराची रक्कम त्यांनी निसर्गसंवर्धनाच्या कामाला लावली. पदवी नाही म्हणून ज्यांना नोकरी नाकारली होती, त्यांना विद्यापीठांनी मानद डॉक्टरेट दिल्या. २० जून १९८७ रोजी, वयाच्या ९० व्या वर्षी, मुंबईत त्यांचं निधन झालं.

त्यांच्या शेवटच्या काळात गिधाडं इतकी होती की ती कमी होतील असं कुणाच्या स्वप्नातही नव्हतं. गावाबाहेर गुरं टाकायच्या जागेवर शेकडोंनी उतरत. गिधाडाच्या जठरातलं आम्ल अतिशय तीव्र असतं. फाशीसारख्या रोगाने मेलेल्या जनावराचं मांसही ते पचवतं. असं पोट असलेल्या पक्ष्याला खाण्यातून कसला धोका होईल?

१९९० च्या दशकात गिधाडं मरू लागली. हा ऱ्हास भारतात आधी नीट टिपला गेला तो भरतपूरमध्ये, कारण १९८० च्या दशकातले तिथले आकडे बीएनएचएसच्या संशोधकांकडे होते. तीन जातींची संख्या काही वर्षांत ९० टक्क्यांहून अधिक घटली. मेलेल्या गिधाडांची शरीरं उघडली तर आतल्या अवयवांवर पांढरा थर सापडायचा. तो यूरिक आम्लाचा. मूत्रपिंडं बंद पडली होती, आणि एरवी पांढऱ्या लगद्याच्या रूपात बाहेर जाणारा माल शरीरातच साचत होता.

कारण सापडलं ते पाकिस्तानात झालेल्या संशोधनातून, २००४ मध्ये. गुरांना दुखण्यावर दिलं जाणारं डायक्लोफेनॅक हे औषध. औषध दिल्यानंतर लगेच मेलेल्या जनावराचं मांस गिधाडाने खाल्लं की काही दिवसांत ते मरायचं. जठराचं आम्ल जंतू मारतं, या औषधापुढे ते निरुपयोगी ठरलं. भारताने २००६ मध्ये गुरांसाठी डायक्लोफेनॅकवर बंदी घातली. त्याच जातीच्या आणखी दोन औषधांवर, किटोप्रोफेन आणि असिक्लोफेनॅकवर, २०२३ मध्ये बंदी आली. मेलॉक्सिकॅम गिधाडांना सुरक्षित असल्याचं आढळलं आहे. गाय-बैल आजारी पडला तर गुरांच्या डॉक्टरकडे तेच मागता येतं.